झोपून पाहिलेली घरं

ज्या घराची मोडतोड करायची, त्या घरात बाई आधी एक दुपार झोपून पाहायच्या.

मिस्त्री माप घ्यायला यायच्या आत, कॅमेरा गाडीतून उतरायच्या आत बाई पुढे जायच्या. पिशवीतून हिरव्या चौकटींची सोलापुरी चादर काढायच्या, घरातली माणसं दुपारी जिथे लवंडत असतील तिथे ती अंथरायच्या, गॉगल उशाशी ठेवायच्या आणि आडव्या व्हायच्या. घरच्यांची तारांबळ उडायची. टीव्हीवरच्या बाई येणार म्हणून त्यांनी सकाळपासून फरशी पुसलेली असायची, आलूपोहे केलेले असायचे, पलंगावर ठेवणीतलं अंथरूण घातलेलं असायचं. आणि बाई खाली जमिनीवर पडून म्हणायच्या, "जराशी पडतो मी. तुमी तुमचं चालू द्या."

थोडा वेळ घरात कोणी हलायचं नाही. मग स्वयंपाकघरात एखादं झाकण वाजायचं. मग कोणीतरी दबक्या आवाजात कोणाला तरी रागवायचं. हळूहळू घर बाईंना विसरायचं आणि आपल्या चालीनं चालायला लागायचं.

तिथूनच आमचा कार्यक्रम सुरू व्हायचा.

कार्यक्रमाचं नाव 'घराला हात'. नागपूरच्या एका लहानशा वाहिनीवर दर रविवारी सकाळी तो लागतो. एका भागात एक घर. कोणाची न्हाणी, कोणाचं स्वयंपाकघर, कोणाची गळकी सपरी, म्हणजे पडवी, आम्ही दुरुस्त करून देतो आणि ते होताना दाखवतो. मी शाळेत होते तेव्हा उमरेडला शेजारच्यांच्या टीव्हीवर हा कार्यक्रम पाहायचे. आज मी त्याची निवेदिका आहे. इतक्या वर्षांत निवेदक तीनच झाले. पहिले एक नाटकवाले गृहस्थ, दुसऱ्या आमच्या बाई, तिसरी मी.

लोक मला अजूनही बाईंबद्दल विचारतात. विचारता विचारता हसतातही. बाईंना शूटिंगच्या वेळीच झोप लागायची म्हणून वाहिनीनं त्यांना काढलं, असं सगळ्या नागपुरात पसरलेलं आहे. मी ते ऐकून बरेच दिवस गप्प बसले. आता बसणार नाही.

बाई या कार्यक्रमात कशा आल्या, ते आधी सांगते. त्या वीज कार्यालयात फोनवर तक्रारी घ्यायच्या. तेव्हा सगळ्या गावाचे फोन तिथे जायचे आणि तिकडून एक जाड, ठाम आवाज यायचा, "बोला, कोठची लाइन गेली?" त्यामुळे बाई टीव्हीवर येण्याआधीच लोकांना त्यांचा आवाज पाठ होता. पुढे कितीतरी घरी म्हातारी माणसं त्यांचा आवाज ऐकून चमकायची आणि आपल्या घरी लाइट कधी कधी जाते ते सांगायला लागायची. बाईही ऐकून घ्यायच्या. सवय.

तर एका रविवारी पहिल्या निवेदकांनी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात उभं राहून नाक मुरडलं आणि म्हटलं, बघा, अशा कळकट भिंतीत ही माउली स्वयंपाक करते. बाई दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून वाहिनीच्या कार्यालयात आल्या आणि भांडल्या. त्या बाईच्या घरी आता तिची नणंद येईल तेव्हा ती काय तोंड दाखवेल, हा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती करायची तर करा, पण आधी चारचौघांत घराचं नाक का कापता? त्या वेळच्या मालकांनी त्यांना चहा दिला आणि शांत केलं. पुढे ते नाटकवाले गृहस्थ एका मालिकेत काम मिळालं म्हणून मुंबईला निघून गेले, कोणाला न सांगता. एका सकाळी गाडी तयार, घरवाले तयार, आणि निवेदकच नाहीत. मालकांना ती भांडायला आलेली बाई आठवली.

"मले कोणी काई देऊन गेलं नाई," बाई हे नेहमी म्हणायच्या. "माइक कसा धरतेत तेही कॅमेरावाल्या भाऊनं सांगतलं."

बाई साध्या नव्हत्या. हे मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर त्यांचं चित्र खोटं होईल. शूटिंगच्या आदल्या दिवशी त्या न चुकता केस रंगवायच्या. कॅमेरा नेहमी डावीकडून लावायला लावायच्या, कारण उजवीकडून त्या 'मास्तरीण' दिसतात असं त्यांचं मत होतं. वय विचारलेलं त्यांना खपायचं नाही. एकदा एका रंगाच्या कंपनीच्या माणसानं त्यांना आदरानं आजी म्हटलं, तर भागभर त्या त्याच्याकडे पाठ करूनच बोलल्या. बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही की काय चुकलं.

चहाचीही त्यांची रीत होती. ट्रेमध्ये फुलाफुलांचे कप आले की त्या परत पाठवायच्या. पाहुण्यांचा कप नको, रोजचा द्या. मग घरातली बाई लाजत कान तुटलेला कप किंवा स्टीलचा गिलास घेऊन यायची. बाई त्यातून चहा प्यायच्या आणि तेवढ्यात ती बाई त्यांच्या शेजारी खाली बसलेली असायची.

मी पदवीनंतर या वाहिनीत लागले ते निवेदन लिहून द्यायला. उमरेडहून एसटीनं रोज येणंजाणं. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली पहिली मीच. वडील मागावर लुगडी विणायचे. माग थांबले तेव्हा ते कोळशाच्या खाणीत कंत्राटदाराकडे लागले. बाईंना हे पहिल्याच दिवशी कळलं, कारण त्यांनी मला तासभर प्रश्नच विचारले. त्यानंतर त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. "ए ग्रॅज्युएट, इकडे ये वं." सुरुवातीला मला वाटलं त्या टोमणा मारतात. मग एकदा मिस्त्रीला माझी ओळख करून देताना ऐकलं, "हे आमची ग्रॅज्युएट. उमरेडहून येते रोज," आणि त्या बोलण्यातली ऐट ऐकून मला कळलं की माझ्या पदवीचा अभिमान माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त होता.

मी लिहून दिलेलं मात्र त्या कधी वाचत नव्हत्या. कागद हातात घ्यायच्या, छान म्हणायच्या आणि त्यानं वारा घ्यायच्या.

त्या झोपल्या की मी त्यांच्या पायथ्याशी भिंतीला टेकून बसायचे. तिथे मला एक गोष्ट कळली. सुरुवातीला बाई खरोखर झोपायच्या. बारीक घोरायच्या, शिट्टीसारखं; पण हे त्यांना सांगायची कोणाची हिंमत नव्हती. थोड्या वेळानं ती शिट्टी थांबायची आणि त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा हलायला लागायचा. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं, बाकी सगळं अंग झोपलेलं; फक्त अंगठा पंख्याच्या लयीत मागेपुढे. अंगठा हलतो आहे म्हणजे बाई जाग्या आहेत. आणखी कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. मीही कोणाला सांगितलं नाही.

मानेवाड्याच्या एका घरात हॉलमध्ये मोठं शोकेस करून हवं होतं. घरातल्या कर्त्या माणसानं चित्रच काढून ठेवलं होतं. बाई झोपल्या. काही वेळानं अंगठा हलायला लागला. तेवढ्यात घरातली नवी सून पाय न वाजवता मागच्या दारानं बाहेर गेली आणि भर उन्हात पाण्याच्या टाक्याजवळ उभी राहून आईशी फोनवर बोलू लागली. घरात दुसरी जागाच नव्हती, जिथे तिचं बोलणं कोणाच्या कानावर पडणार नाही. बोलताना ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती, कारण फरशी तापलेली होती. उठल्यावर बाई एवढंच म्हणाल्या की शोकेस जरा लहान करू, मागच्या बाजूला कपडे धुवायला सावली नाही. टाक्याजवळ पत्र्याचं छप्पर आलं, त्याखाली बसण्याजोगा एक ओटा आला. कार्यक्रमात बाईंनी ओट्याला 'कपडे धुवायची सोय' म्हटलं. सासऱ्यांना तो ओटा फार आवडला. आम्ही निघताना सुनेनं बाईंचा हात हातात घेतला आणि सोडला. बाईंनी गॉगल लावला.

परतताना गाडीत मी विचारलं, तुम्ही हे सगळं झोपेत कसं पाहता? त्या म्हणाल्या, "जागा पाहुणा असला का घर नाटक करते. झोपला का घर त्याले विसरते." मग माझ्याकडे वळून, "तू लिवू नको हे कोठी."

एका रविवारी तर त्या न सांगता आमच्या उमरेडच्या घरी आल्या. एसटीनं, गॉगल लावून. आईनं वांग्याची भाजी केली होती, ती दोनदा वाढून घेतली आणि समोरच्या खोलीत चादर अंथरली. त्या खोलीत मागाचा खड्डा आहे. विणकर त्यात पाय सोडून बसतो, पायानं पावड्या दाबतो. माग गेल्यावर आम्ही खड्ड्यावर फळ्या टाकल्या होत्या आणि माझ्या मनात त्यात मुरूम भरून फरशी घालायची होती. बाई उठल्या आणि वडिलांना म्हणाल्या, भाऊ, घराची ओळख करून द्या. माझे वडील कमी बोलणारे. पण ते उठले, एक फळी उचलली आणि खड्ड्याबद्दल बोलायला लागले. माझा जन्म झाल्याचं त्यांना कळलं तेव्हा ते त्या खड्ड्यात होते. माझं बारावीचं कळलं तेव्हाही. मी ते आधी कधीच ऐकलेलं नव्हतं. खड्डा आजही आहे. फळ्या नव्या घातल्या, एवढंच.

मग वाहिनीचे मालक बदलले आणि मुंबईहून नवे कार्यक्रम-प्रमुख आले. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांशी नीट बोलायचा, वेळेवर यायचा. त्यांना कार्यक्रम नव्यानं उभा करायचा होता. तरुण चेहरा, स्वच्छ भाषा. भागाच्या सुरुवातीला जुनं घर जितकं वाईट दिसेल तितकं दाखवायचं, घरमालकानं आपलं दुःख सांगायचं, जमलं तर डोळ्यांत पाणी, म्हणजे शेवटी नवं घर उठून दिसतं. बाईंना त्यांनी सन्मानानं सांगितलं की आता त्यांनी सल्लागार व्हावं. बाईंनी ऐकून घेतलं. त्यांच्याही गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली होती, जमिनीवरून उठताना त्या माझा खांदा धरायच्या. आपण थांबायचं, हे त्यांनी मनाशी ठरवलेलंच होतं. त्या फक्त म्हणाल्या, "आमची ग्रॅज्युएट करन हा कार्यक्रम."

मी तिथेच होते. मला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की मी खाली पाहत राहिले.

प्रमुख हसले. माझं लिखाण चांगलं आहे, म्हणाले, पण बोलताना गावाकडचं येतं. मध्येच 'मले', 'तुले' निघतं. पडद्यावर ते बरं दिसत नाही.

"मंग घरं कोणाचे दाखवता तुमी?" बाईंनी विचारलं.

त्यावर त्यांनी पुण्याच्या एका प्रशिक्षित मुलीचं नाव सांगितलं. पुढच्या महिन्यापासून ती येणार होती. तोवर बाईंचे राहिलेले भाग व्हायचे होते. मी त्या दिवशी एसटीत खिडकीशी बसून आले आणि घरी कोणाला काही सांगितलं नाही. मला वाईट माझ्यापुरतं वाटत नव्हतं, असं म्हटलं तर खोटं होईल. पण त्याबरोबर हेही वाटत होतं की आता मानेवाड्याच्या त्या सुनेसारखी कोणी टाक्याजवळ उभी राहील आणि तिला पाहणारं कोणी नसेल.

राहिलेल्या भागांपैकी एक कुहीला होता. घर एका शिवणकाम करणाऱ्या ताईंचं. नवरा धानाच्या गिरणीत कामाला. उजेड मिळावा म्हणून ताईंनी मशीन दारातच मांडलेली, त्यामुळे घरात जाणारा प्रत्येक जण आडवा होऊन जायचा. त्यांना शिवणाला वेगळी खोली काढून द्यायची होती. नवी पद्धत कशी जमते ते पाहायला प्रमुख स्वतः आले होते. सोबत छापील प्रश्न होते.

बाई नेहमीप्रमाणे आधी गेल्या आणि मधल्या खोलीत झोपल्या. सपरीत कॅमेरा लागला. ताई खुर्चीवर बसल्या, पदर दोन्ही खांद्यांवरून, हात मांडीवर, फोटो काढायला बसल्यासारख्या. सगळं तयार झालं. बाई उठेनात.

ऊन उतरत होतं. प्रमुख घड्याळ पाहू लागले. बाईंना उठवा, म्हणाले. कोणी हललं नाही. कॅमेरावाले भाऊ म्हणाले, "साहेब, बाईंना आम्ही उठवत नाई. पहिलेपासून नाई." शेवटी प्रमुखच दारापर्यंत गेले आणि मॅडम, मॅडम म्हणून हाका मारल्या. बाई कुशीवर वळल्या आणि घोरायला लागल्या. साधं घोरणं नव्हे. चढावर ट्रॅक्टर लागावा तसं. गिरणीतून नुकताच आलेला ताईंचा नवरा दारात थबकला आणि कोणाला दवाखान्यात न्यायचं आहे का, म्हणून विचारू लागला.

मी आत गेले. बाईंचं खरं घोरणं मला ठाऊक होतं. मी पायाकडे पाहिलं. डावा अंगठा पंख्याच्या लयीत चालला होता.

मी पाहिलं तसा तो थांबला. मग पुन्हा हलला, जरा जोरात.

मी बाहेर आले. प्रमुख वैतागून म्हणाले, तुम्ही नुसते प्रश्न विचारून ठेवा, उत्तरं तर मिळतील. तुमचा आवाज नंतर काढून टाकू. मी माइक घेतला. कागदावरचा पहिला प्रश्न शुद्ध भाषेत विचारला, या घरात तुम्हाला काय काय सोसावं लागलं? ताई मान खाली घालून म्हणाल्या, काही नाही. दुसरा विचारला. काही नाही. तिसऱ्याला त्यांनी नुसती मान हलवली.

मी कागद खाली ठेवला. वडील फळी उचलून उभे होते ते मला आठवलं.

"ताई, तुमच्या घराची ओळख करून द्या न मले," मी म्हटलं. "मी उमरेडची आहो. मले या घराचं काईच मालूम नाई."

ताईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "कोठून सुरू करू वं?"

"तुमचं मन होते तिथून."

त्या उठल्या. पदर कमरेला खोचला आणि दाराच्या चौकटीला हात लावला. "हे पहिले आली," त्या म्हणाल्या. "घर मंग झालं. मायनं लग्नात देल्ली, सागाची. लोकं पोरीले भांडे देतेत. माह्या मायनं चौकट देल्ली. म्हणे, दार असन त घर होईन."

"आणि घर नोयतं," नवरा मागून म्हणाला. "कितीक वर्स भाड्याच्या खोलीत भिंतीले टेकून उभी होती हे. लोकं इचारे, हे दार कोठी जाते गा तुमचं?"

"हा म्हणे, इकून टाकू."

"म्हटलं होतं. खोटं कायले बोलू?"

दोघंही हसले. आणि मग ताई थांबल्याच नाहीत. कोणती भिंत कोणत्या दिवाळीला झाली, कोणत्या खिडकीचे गज कोणत्या लग्नसराईच्या ब्लाऊजांतून आले, सगळं सांगत त्या घरभर फिरल्या आणि कॅमेरावाले भाऊ त्यांच्या मागे. मधल्या खोलीत झोपलेल्या बाईंना ओलांडून त्या पलीकडे गेल्या, तेव्हा बाईंनी पाय आखडून वाट दिली. नव्या आराखड्यात त्या दाराच्या जागी लोखंडी दार होतं. ते मी तिथल्या तिथे रद्द करून टाकलं. मला तसा अधिकार नव्हता, हे नंतर लक्षात आलं.

प्रमुख छोट्या पडद्यासमोर बसले होते. आधी हेडफोन एका कानाला होता, मग दोन्ही कानांना लावला. ऊन कधी उतरलं ते त्यांनी पाहिलं नाही.

सगळं आटोपल्यावर बाई बाहेर आल्या. पावडर लावून, केस नीट करून. सगळ्यांसमोर मोठ्यांदा म्हणाल्या, "काहून नाई उठवलं मले कोणी? एवढी झोप लागली बाप्पा. वय झालं आता."

वय झालं आता. आजी म्हटल्यावर पाठ फिरवणाऱ्या बाई हे म्हणाल्या, प्रमुखांच्या देखत, घरवाल्यांच्या देखत. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी गॉगल लावला होता.

माझा आवाज काढला गेला नाही. पुढचा भागही तुम्हीच करून बघा, मग पाहू, असं प्रमुख म्हणाले. तो 'मग' अजून आलेला नाही. पुण्याच्या त्या मुलीला त्यांनी दुसरा कार्यक्रम दिला, तो ती छान करते. घरमालकाला रडवायचं प्रमुखांनी सोडून दिलं. आता भाग सुरू होतो तो घराच्या ओळखीनं, आणि ही कल्पना आपलीच, असं त्यांना मनापासून वाटतं. वाटू दे.

पण बाई गेल्या त्या 'शूटिंगमध्ये झोपल्या म्हणून'. कार्यालयातून ते बाहेर गेलं आणि गावात पसरलं. निरोपाच्या दिवशी कोणीतरी भाषणातही त्यावर विनोद केला. बाई सगळ्यांच्या बरोबर हसल्या. मी त्यांना जिन्यात गाठलं आणि म्हटलं की मी खरं काय ते सगळ्यांना सांगणार आहे. त्यांनी पिशवीतून ती हिरवी चादर काढली आणि माझ्या हातात ठेवली. "सांगशीन त वापस घेईन," त्या म्हणाल्या. "मले कोणी काई देऊन गेलं नोयतं. तुले मी देऊन राहिली. आता गप ऱ्हाय."

म्हणून मी गप्प होते. आता बाईंनी चादर मागितली तर मी देईन.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. माझ्या घराला हात लावायचा आहे, म्हणाल्या. हनुमाननगरात त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. इतक्या वर्षांत दुसऱ्यांची एवढी घरं झाली, पण त्यांनी स्वतःच्या घराचा खिळाही आम्हाला बदलू दिला नव्हता. आम्ही कधी गेलो तर ट्रेमध्ये फुलाफुलांचे कप यायचे आणि आम्ही मुकाट्यानं प्यायचो, कारण त्यांना त्यांचाच नियम सांगणार कोण?

त्या दिवशी मी एकटीच गेले. त्यांनी चहा आणला. कान तुटलेल्या कपात. दोघी जमिनीवर बसून प्यायलो. केस आता रंगवत नाहीत, पण बसताना डावी बाजू माझ्याकडे केली होती. काय काम करायचं ते मी विचारलं, तर म्हणाल्या, ते मला काय विचारतेस?

मी चादर अंथरली आणि आडवी झाले. डोळे मिटले. कूलरचा आवाज होता, वाळ्याचा वास होता. झोप काही येईना. बाई स्वयंपाकघरात गेल्या. एका डब्यासाठी स्टुलावर चढताना दोनदा थांबल्या, ते ऐकू आलं. उतरताना भिंतीचा आधार शोधणारा हातही ऐकू आला. मी मनात डब्यांची फळी खाली घेतली, भिंतीला धरायला दांडा लावला.

मग शेजारीण साखर मागायला आली. कोण झोपलं, म्हणून विचारू लागली.

"आमची ग्रॅज्युएट. घर पाहून राहिली."

"झोपून?"

"मंग कसं पाहतेत?"

शेजारीण हसली. बोलता बोलता म्हणाली, "तुमालेई टीव्हीवाल्यायनं झोपेपायीच काढलं म्हणतेत न, बाई?"

उठून बसावं, त्या शेजारणीला कुहीची सगळी दुपार सांगावी, असं वाटलं.

"हाव," बाई म्हणाल्या. आवाजात तीच ऐट होती, मिस्त्रीला माझी ओळख करून देतानाची. "लय गाढ झोप होती माही."

शेजारीण साखर घेऊन गेली. दार लागलं. बाईंची पावलं हळूहळू माझ्या पायथ्याशी आली आणि थांबली. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या, मी बसायचे तशा.

"अंगठा हलून राहिला वं तुहा," मग म्हणाल्या.

मी डोळे उघडले नाहीत. अंगठाही थांबवला नाही.